रस्त्यावरून ऐकलेली ओवी

बाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि तुमच्याशी मोकळेपणाने बोलायची बुद्धी मला आज होते आहे. तुम्ही आमच्या मिशनच्या शाळेत धर्मशिक्षणाचा तास घ्यायचात. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. आम्ही नुकतेच ख्रिस्ती झालो होतो. वडील आगबोटीवर कामाला, घरात आई आणि मी. माहेराने आईला तोडलं होतं. तिकडचं तिच्यापाशी उरलं होतं ते एक जातं आणि आजीच्या ओव्या. नाचणी दळताना पहिली ओळ ती आजीची म्हणायची, जशीच्या तशी, आणि दुसऱ्या ओळीत येशूला आणून बसवायची. मी अकरा वर्षांची, आणि घरात सगळ्यांत कर्मठ मीच. आई अजून जुन्या देवांची गाणी म्हणते, अशी मी तुमच्याकडे चुगली केली.

शनिवारी सकाळी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून तुम्ही आमच्या दारात. आईचं जातं थांबलं. चर्चच्या मंडळीतून नाव काढलं असतं, तर आम्ही ना इकडचे राहिलो असतो ना तिकडचे.

"माजी चूक झाली बाई," ती म्हणाली. "जात्याला हात लागला की आयशीच्या ओव्या तोंडात येतत. आता न्हाय म्हनायची."

तुम्ही सरळ तिच्यासमोर फतकल मारलीत आणि खुंट्याला हात घातलात. "न म्हणायला काय झालं? शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी तेच केलं. प्रभूच्या मरणाची गोष्ट सांगताना ते आपल्या इब्री, म्हणजे यहुदी, वाडवडिलांच्या स्तोत्रांकडे गेले. शिपायांनी कपडे वाटून घेतले, लोकांनी माना हलवून चेष्टा केली, हे त्या जुन्या स्तोत्रात आधीच होतं. आणि वधस्तंभावर प्रभूने 'माझ्या देवा, मला का सोडलंस?' असा जाब विचारला, ती त्याच स्तोत्राची पहिली ओळ. जीव जायच्या वेळी त्यालाही घरचंच पाठांतर आठवलं. ओळ जुनी, दुःख नवं. तुम्ही दुसरं काय करता? म्हणा."

आई रडली, मग म्हणाली. मला ते आत्ताही ऐकू येतं. तुमचा हात काही जात्यावर बसत नव्हता. त्या दिवशी पीठ जाडंभरडं निघालं आणि भाकरी थापताना आई एकटीच हसत होती.

तुम्ही निघालात तेव्हा तिने विचारलं, "पन तुमाला सांगितलान कोनी?" मी खाली बघून पीठ भरायला लागले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "रस्त्याने जाताना ऐकली," म्हणालात. आईने ते जन्मभर मिरवलं. सोमवारी मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "आईची पहिली ओळ पाठ करून ठेव."

केली, बाई. आई गेली त्या दिवशी मला एकही प्रार्थना सुचेना, तेव्हा तीच ओळ तोंडात आली. तुमचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

हे पत्र धाडायचं तरी कुठे? ते पेटीतच राहील. पण लिहिता लिहिता आमचं अंगण डोळ्यांपुढे आलं आणि हात थांबला. आमच्या घरावरून रस्ता जातच नव्हता. पाखाडी आमच्या अंगणात संपायची, पुढे नुसता कडा. आईला हे ठाऊक नव्हतं थोडंच. आणि मी मात्र आयुष्यभर समजत होते, की चुगली माझी होती हे मी तिच्यापासून लपवलं आहे.