जाळीतला दिवा

१७ ऑगस्ट १९६९, पिंप्राळा

पाखरांच्या जाळीत, चार नंबरच्या मडक्यात अंडी! पाच. वाटाण्याएवढी, पांढरी. मादी खाली दाणे टिपायला उतरली तेव्हा डोकावून घेतलं. तर नर लगेच कानाशी येऊन ट्यँ-ट्यँ — जत्रेतली पिपाणी नुसती. लाल चोच, गालावर विटकरी ठिपका, आणि एवढासा जीव, माझ्या अंगठ्याएवढा. तोरा मात्र जावयाचा.

हे गेल्यापासून पहिलीच अंडी. सात महिने एकही जोडी बसली नव्हती. मला वाटायचं, यांनाही सुतक आहे.

१८ ऑगस्ट

बाईंना — सासूबाईंना अख्खी गल्ली बाईच म्हणते — अंड्यांचं कळलं. भिकुबाईने भांडी घासता घासता सांगून टाकलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"बीनणी, पर्युषणाच्या आत ती जाळी मोकळी कर," म्हणाल्या. पन्नास वर्षं खान्देशात काढली, बोलणं सगळं मराठी झालं, सुनेला बीनणी म्हणायचं तेवढं मारवाडातलं राहिलं. "कोंडलेल्या जिवांचा तळतळाट माझ्या सोहनला लागला."

मी म्हटलं, बाई, ही झेब्रा फिंच, परदेशातली जात. यांनी कलकत्त्याहून आणली ती पिंजऱ्यातच जन्मलेली. बाहेर या पाखरांना ना दाणा ठाऊक, ना कावळा. सोडली तर दोन दिवस जगणार नाहीत.

"तुला लई कळतं."

कळतंच. ज्यांनी शिकवलं ते गेले, शिकवलेलं कुठे जाईल?

२० ऑगस्ट

राळे भिजत घातले. पिल्लं निघतील तेव्हा मोड लागतील, म्हणून आत्तापासून सवय. यांच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की पिल्लांना उकडलेलं अंडं कुस्करून द्या. जैनाच्या घरात! हे हसून म्हणायचे, "पुस्तकवाल्याने आपली आई पाहिली नाही." मग यांनीच मोडाच्या राळ्यांची युक्ती काढली. बाईंना तेही चालत नाही, मोडात अनंत जीव असतात म्हणतात. मी फडकं लपवून ठेवते. या वयात घरात चोरी करायची वेळ आली.

२२ ऑगस्ट

आज सात महिने.

एकदा लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.

जानेवारीत थंडी फार होती. जाळीत चार दिवसांची पिल्लं. मला धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला साक्रीला जायचं होतं. हे म्हणाले, पिल्लं लहान आहेत, दोघांपैकी एकाने थांबायला हवं, तू नंतर जा. मी म्हटलं, लग्न त्यांच्याशीच करायचं होतं मग. दुपारभर अबोला. चार वाजता हे मडक्यांजवळ उबेसाठी बल्ब बसवायला जाळीत शिरले. अंगणातून हाक आली — "चंदन, मेन बंद कर." मी चुलीपाशी होते. थोड्या वेळाने विचारलं, "केला का?" मी म्हटलं, "केला."

थोड्या वेळाने पाखरांचा कल्ला. मी गेले तर हे जाळीला चिकटलेले.

माणसं धावली तेव्हा मेन चालू होता. सगळ्यांनी पाहिलं. दांडा वर. लोक म्हणाले, सोहनलाल बंद करायला विसरला. मी गप्प बसले.

मी उठले होते का? जिन्याखालच्या मेनपाशी गेले होते का? हाताला लोखंडाचा गारवा आठवतो. पण तो त्या दिवसाचा की दुसऱ्या कुठल्या? रागात होते. रागात माणूस केला म्हणतं आणि जागचं हलत नाही.

२३ ऑगस्ट

रोज चारला हाक येते. चंदन, मेन बंद कर. इतकी स्वच्छ की पाखरंही गप्प होतात. की ती गप्प होतात म्हणून मला ऐकू येते, देव जाणे.

आज पुन्हा जिन्याखाली गेले. दांडा खाली ओढला, पुन्हा वर केला. हाताला विचारलं, हेच केलं होतंस का त्या दिवशी? हात काय बोलणार.

खटका वाजताच बाई खोलीतून ओरडल्या, "कोण आहे मेनपाशी? कोण आहे?" त्याही वेळ विसरलेल्या नाहीत.

२७ ऑगस्ट

राखी. साक्रीहून भाऊ आला. त्याला मुलगा झालाय, सात तारखेला बारसं. "अक्का, या वेळी काही झालं तरी यायचं." साखरपुडा चुकला होता, त्याला ते लागलंय. कबूल केलं.

भिकुबाई जाळी झाडताना म्हणाली, "वहिनी, ही तार काढी टाकू का? लोंबकळी ऱ्हायनी." होल्डर अजून तसाच आहे, बल्बाशिवाय. म्हटलं, हात लावू नकोस. वायर वरून तोडलेली आहे, तिच्यात काही नाही. तरी मी स्वतः तिच्याखालून वाकूनच जाते.

३० ऑगस्ट

बाईंची खोली घरात सगळ्यांत अंधारी, मागच्या बाजूची. जानेवारीपासून त्यांनी तिथला दिवा लावूच दिलेला नाही. डोळ्यांना त्रास होतो म्हणतात. सामायिकाला, रोजच्या ध्यान-पाठाला बसतात, पोथी मांडीवर असते, आज पाहिलं — पान तेच. पहिल्या पानावरच बसून असतात. आत दिवा लावायला गेले तर अंगावर धावल्या. मी बाहेर आले.

मुलगा गेला की बाई अशी होते, आणि नवरा गेला की अशी. एका घरात दोन भुतं.

१ सप्टेंबर

चार निघाली! पाचवं अंडं कोरडं. उघडीवाघडी, गुलाबी, डोळे मिटलेले, तोंड मात्र आ. नर-मादी आळीपाळीने भरवतात. मोडाचे राळे संपले, पुन्हा भिजवले.

यांना सांगावंसं वाटलं. सांगितलंही, जाळीत उभी राहून. भिकुबाईने बघितलं. "कोनासंगे बोली ऱ्हायना वहिनी? कोनी नही शे तठे."

५ सप्टेंबर

उद्या निघायचं. भिकुबाईला सगळं समजावलं — पाणी, राळे, चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा, मुंग्यांसाठी खांबाला राखेचं कडं. जाळीची किल्ली सोबत न्यावी असं मनात आलं. मग वाटलं, मग पाणी कोण घालील? किल्ली खुंटीवर ठेवली.

८ सप्टेंबर

लिहायला नको वाटतं. तरी लिहिते.

धुळ्याहून गाडी उशिरा लागली, तीनच्या सुमारास घरी पोचले. अंगणात शिरले तर जाळीच्या बाहेरून पाखरं लटकलेली. बाहेरून! आत यायला धडपडत होती. कडी लावलेली. भिंतीवर कावळे.

बाई ओट्यावर बसून होत्या. "उद्यापासून पर्युषण. सकाळी सोडली सगळी. भिकुबाईला झाडूने हाकलायला लावली, निघतच नव्हती. पुन्हा कोंडून घेऊ नयेत म्हणून दार लावलं." तोंडावर समाधान होतं. जीवदया केली होती त्यांनी.

मी दार उघडलं. जेवढी होती तेवढी आत आली, माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून. एकवीस होती. आठ आली. मागच्या कुंपणाला पिसं.

चार नंबरचं मडकं आतच होतं. पिल्लं आत, आईबाप बाहेर, दिवसभर मध्ये जाळी. दोन गार पडलेली. दोन हलत होती. त्यांची मादी आली, नर आला नाही.

मी बाईंसमोर ओंजळ धरली. म्हटलं, "ही बघा तुमची दया." त्यांनी ती दोन पिल्लं बघितली आणि तोंडावर पदर घेतला. रडताना एकच म्हणत होत्या, "मला फेडायचं होतं. मला फेडायचं होतं."

काय फेडायचं होतं यांना? फेडायचं तर मला आहे.

१० सप्टेंबर

दोन जगताहेत. एकटी मादी भरवते. मी काडीच्या टोकाने मोड चेचून मदत करते.

बाईंचा उपास. तिसऱ्या दिवसानंतरही सोडणार नाही म्हणतात. त्या वयात! मी बोलत नाही.

१३ सप्टेंबर

नराची वाट बघते. कडूनिंबात पिपाणी वाजल्यासारखं वाटलं, धावले. कुणी नव्हतं.

मग जाळीतून, यांच्याच आवाजात — केला का?

मी जाळीची कडी लावून घरात आले.

१५ सप्टेंबर

ठरवलं. उद्या संवत्सरी, परवा क्षमापना. पाया पडताना नुसतं मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं नाही, सांगायचं. मेन मी बंद केला नव्हता, तुमच्या मुलाला मी मारलं. मग ठेवा नाहीतर हाकला.

पिल्लांना पिसं फुटली.

१७ सप्टेंबर

पाया पडायला गेले तर बाईंनीच माझे पाय धरले. आठ दिवसांच्या उपासाने हात काडीसारखे झालेत. "बीनणी, त्या दिवशी सामायिकाला बसायचं होतं, पोथीतलं अक्षर दिसेना. दिवा लागेना. जिन्याखाली गेले, दांडा खाली होता. मी वर केला."

खाली होता. म्हणजे मी उठले होते. मी बंद केला होता.

त्यांना उठवून बसवलं. म्हटलं, "नाही बाई. अंधारात तुम्हाला नीट दिसलं नाही. यांनी मला बंद करायला सांगितला, मी केलाच नव्हता. दांडा वरच होता. लाईट गेली होती ती तेवढ्यात आली, इतकंच. मला क्षमा करा."

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड बघितलं. मग डोक्यावर हात ठेवला.

चार वाजता त्यांच्या खोलीत दिवा लागला.