काकांच्या जीपला सहा दिवे

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. (अगदी खराखुरा. तुमच्या जीपखाली आडवी पडून लिहितेय, फक्त तोंड वर आहे.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? इथे सगळे मजेत. आई तेवढी माझ्याशी बोलत नाहीये, त्याचं कारण पुढे येईलच.

तुमचं बाबांना आलेलं पत्र मी वाचलं. संध्याकाळ झाली की समोरचं धूसर दिसतं, येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती पिसारा फुटतो, आता चालवणं जमणार नाही, तुमच्या दारात उभी आहे ती जीप विकून टाका, असं तुम्ही लिहिलंत. बाबांनी लगेच गिऱ्हाईक शोधलं. (तुम्हा दोघा भावांचं जन्मात एकमत होत नाही, ते नेमकं इथे झालं.) तो माणूस रविवारी अकराला येणार होता, म्हणजे माझ्याकडे पाच दिवस होते. मी म्हटलं, काकांना कमी दिसतं ना, मग उजेड वाढवू. चार दिवे टपावर, दोन बंपरवर, आणि सगळ्यांचं मिळून एक स्विच पॅनल, तेही घरी बनवलेलं. विकतचं बघितलं होतं, पण ते मिक्सरवर शोभेल असं होतं.

पहिलं पॅनल मी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाचं केलं. दिसायला एकदम भारी. पण झाकण पत्र्याचं, डॅशबोर्डही पत्र्याचा, आणि माझी एक वायर जरा जास्तच सोललेली. ठिणगी उडाली, फ्यूज गेला. बाबा दारातूनच म्हणाले, "पत्र्याला पत्रा लाव, हे कॉलेजात शिकवलं का?" मग करंट लागणार नाही आणि कापायला सोपं असं घरात काय आहे, याचा शोध घेत मी स्वयंपाकघरात पोचले. आईचा भाजी चिरायचा पांढरा प्लॅस्टिकचा बोर्ड. काका, त्याच्यासारखं मटेरियल नाही. लोण्यासारखं ड्रिल होतं. फक्त भोकं पडतात गोल आणि स्विच असतात चौकोनी, त्यामुळे दोन दिवस मी कानस घेऊन कोपरे घासत बसले होते, आणि आई दोन दिवस हातावर कांदा चिरत बोर्ड शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधला. (हे तिला नंतर कळलं, म्हणून अबोला.)

नवं बसवायचं म्हणून तुमची जुनी स्विचची पट्टी काढली. तिच्यात माझं लाल बटण होतं. ओढा ओलांडल्यावर तो उभा चढ यायचा, मी तुमच्या शेजारी पाय लोंबकळत बसलेली असायची, आणि तुम्ही गिअर बदलत म्हणायचात, "दाब आता, नाहीतर ही चढायची नाही." मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरायची, श्वाससुद्धा रोखून. एकदाही असं झालं नाही की मी दाबलं आणि जीप चढली नाही. शाळेत मी छातीठोकपणे सांगायची, की आमची गाडी माझ्याशिवाय डोंगर चढत नाही. तर पट्टी उलटी केली आणि त्या बटणाच्या वायरी बघितल्या. दोन्ही चार-चार बोटं लांब, आणि पुढे काहीच नाही. कशालाच जोडलेल्या नाहीत. पण दोन्हींची टोकं तुम्ही नीट दुमडून त्यांना टेप गुंडाळली होती. ज्या बटणात करंटच नाही, त्याचा मला शॉक लागू नये म्हणून. मी ते पुन्हा एकदा दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितलं. बाबा बघून म्हणाले, "माहितीये मला. टेप माझ्याकडूनच नेली होती."

त्यानंतर बाबा मदतीला उतरले, आणि खरी गडबड तिथे झाली. तीस वर्षं घरांची वायरिंग केलेला माणूस. गाडीत एक वायर दिव्याला न्यायची आणि परतीला गाडीचा पत्राच वापरायचा, हे त्यांना पटेचना. "गेलेली वीज अशी पत्र्यावरून घरंगळत परत येते होय?" असं म्हणून त्यांनी प्रत्येक दिव्याला दोन-दोन वायरी ओढल्या. (पंख्याचा रेग्युलेटरही सुचवला होता, तो मी हाणून पाडला.) वर म्हणजे चालू, या गाडीच्या पद्धतीने मी तीन स्विच बसवले आणि जेवायला गेले. बाकीचे तीन बाबांनी बसवले, घरातल्यासारखे, खाली म्हणजे चालू. शनिवारी भर उन्हात काम आटोपल्यावर मी सहाही स्विच शिस्तीत खाली केले आणि पॅनलवर चादर टाकून निघून आले. टपावरचे तीन दिवे रात्रभर आकाशाची पाहणी करत राहिले. रविवारी सकाळी बॅटरी ठार.

मला मनातून बरंच वाटलं. बंद गाडी कोण घेतो? पण बाबांचा चेहरा उतरला. आपल्या हातची वायरिंग परक्या माणसाला बंद दाखवायची, हे त्यांना सहन होईना. त्यांनी गल्लीतले चार जण गोळा केले, मला स्टिअरिंगवर बसवलं, आणि स्वतः सगळ्यात पुढे होऊन ढकललं. तिसऱ्या धक्क्याला तुमची जीप खोकली आणि सुरू झाली. अकराला गिऱ्हाईक आलं तेव्हा सहाही दिवे लखलखत होते, आणि बाबा त्याला दोन-दोन वायरींचं महत्त्व समजावत होते.

काकूंना नमस्कार.

काळ्या बोटांची तुमची
पुतणी

ता. क. : गिऱ्हाईकाला जीप फारच आवडली. दिव्यांमुळेच. त्यामुळे मला त्याला सांगावं लागलं, की काकांचा विचार बदललाय, आजच त्यांचा फोन आला. तुम्ही फोन केला नव्हता, हे मला माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं, पण ते तेव्हा शेजारी उभे राहून टायर बघत होते.

ता. क. २ : समोरचे रिटायर्ड मास्तर दिवे बघायला आले आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाले, चार तरी बंद कर, मोतीबिंदू काढल्यापासून मला एवढा उजेड लागत नाही. मी त्यांना तुमचा तो पिसारा सांगितला. ते म्हणाले, ऑपरेशनच्या आधी माझंही अगदी असंच व्हायचं. त्यांच्याच डॉक्टरीणबाईंकडे मी येत्या गुरुवारी दहाचा तुमचा नंबर लावलाय. बुधवारी या. आई (बाबांमार्फत) म्हणते, हे आधी सुचलं असतं तर तिचा बोर्ड वाचला असता.

ता. क. ३ : येणार नसाल तर तसं मला कळवू नका, जीप घेऊन जा म्हणून थेट गिऱ्हाईकालाच कळवा. त्याचा पत्ता मात्र माझ्याकडून हरवलाय.