तीन ज्वाळा आणि उज्वलाच्या चार गाद्या

बोरगाव मेघे,
मंगळवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप तानाताईस,

धाकट्या प्रभाकरचा, गुडघा परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. तुझी साखर आटोक्यात असेल, वांग्यांना ऊन सोसत असेल आणि भाऊजी अजूनही न सांगता तळेगावच्या बाजारात निघून जात असतील, असं धरून चालतो. इकडे सर्व कुशल. (सर्व म्हणजे माणसं. गाद्यांचं पुढे येतं.) फोन सोडून पत्र काऊन, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि ही हकीकत पुष्कळ वाक्यांची आहे.

बाबांच्या माघारी वर्ध्यातलं गादीभांडार मी एकतीस वर्षं चालवलं, हे तुला ठाऊक आहे. पण आता लोक फोनवर फोमची गादी मागवतात. ती खोक्यात गुंडाळून येते आणि उघडली की सुस्कारा टाकून आपली आपणच फुगते. अशा गादीशी रुईनं काय भांडावं? संक्रांतीच्या सुमारास आपला धीरज जेवताना म्हणाला, "बाबा, आता गादी कोन भरून घेते? पाडव्यापर्यंत पाहू, नाई तर गाळा त्या मोबाईल कव्हरवाल्याले देऊन टाकू." आणि एवढं बोलून त्यानं वाटीभर वरण आणखी मागितलं. (वरणाचं मला जास्त लागलं.)

मदतीला धावली ती सूनबाई. रक्षा म्हणाली, "दुकान लोकाईले दिसूनच नाई राह्यलं, बाबा. आपण इन्स्टाग्रामवर टाकू." टाकलं. महिन्याभरात त्रेचाळीस फॉलोअर झाले. त्यांत अडतीस नातेवाईक, दोन दातांचे दवाखाने, एक व्यायामशाळा, एक यवतमाळकडचा गादीवाला (हा नुसता पाळतीवर) आणि एक मी स्वतः. रक्षानं मला एकच नियम शिकवला : कोणी दोन शब्द लिहिले तर उत्तर द्यायचंच, दुकानात माणूस बसला आहे असं वाटलं पाहिजे. हा नियम मी फारच मनावर घेतला. कोणी "छान" लिहिलं की मी विचारायचो, आपण कोणाचे, मूळ गाव कोणतं, आर्वीचे ते आपले कोण? पुलगावच्या एका मुलानं "नाईस" लिहिलं, त्याला मी गादी उन्हात कशी उलटावी यावर चौदा ओळी पाठवल्या. तो परत दिसला नाही. एका मुलीनं लाल बदामाचं चित्र पाठवलं, तिला मी लिहिलं, "बेटा, घरी विचारलं काय?" ते रक्षानं तातडीनं पुसलं.

आता ताई, इथे जरा टेकून बस. तुझ्या नातीच्या, उज्वलाच्या लग्नासाठी तू सांगितलेल्या चार गाद्या मी स्वतः भरल्या. इतक्या सुबक झाल्या की रक्षानं त्यांचा व्हिडिओ टाकला. दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद. मी घरी ताटावर बसलो होतो, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. एवढ्यात कोणाचं तरी आलं : "काकाजी, दुकान", आणि त्यापुढे तीन ज्वाळा. पुढे शब्द नाहीत, नुसत्या ज्वाळा. तूच सांग, ज्या माणसानं एकतीस वर्षं दुकानाच्या पायरीवर बिडी ओढू दिली नाही, त्यानं याचा अर्थ काय घ्यावा?

"मंदा, दुकान जळून राह्यलं!" असं ओरडून मी उष्ट्या हातानं ऑटोत बसलो. ऑटोवाला भला माणूस, त्यानं एकही सिग्नल मानला नाही. शटर उचललं तर आत अंधार, आणि उन्हाच्या तिरपीत रुईची धूळ उठलेली. मला तो धूर दिसला. शेजारच्या चहावाल्याच्या ड्रममधून मी बादल्या भरभरून आत फेकू लागलो, ऑटोवालाही लागला. आमच्या अकरा बादल्या झाल्या तेव्हा रक्षा स्कूटीवरून पोचली.

"बाबा, आग कुठी हाय?"

मी पाहिलं. कुठेच नव्हती. तिनं माझ्या हातातला फोन घेतला, वाचला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे तारीफ हाय. एकदम जबरदस्त, असा याचा अर्थ."

मी ओल्या पायरीवर बसलो. आत तुझ्या चारही गाद्या पाणी पिऊन म्हशीसारख्या पडल्या होत्या.

समोरच्या स्टेशनरीवाल्यानं हे सगळं फोनमध्ये टिपलं होतं. (तो मदतीला का आला नाही, हे मला तेव्हा कळलं.) संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभर फिरलं, आणि सकाळी आमचे फॉलोअर नऊ हजार! लोक "आग कुठी लागलती?" म्हणून विचारायला दुकानात येऊ लागले. धीरजला त्याच्या कॉलेजच्या ऑफिसात साहेबांनी तो व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, हे कोण ओळखीचे काय. तो "हो, वडील आहेत" म्हणाला, पण घरी येऊन ताट उचलून आतल्या खोलीत जेवायला बसला. ताई, नऊ हजार माणसं एकाच वेळी आपल्याला हसतात, तेव्हा घास उतरत नाही. आणि लग्न महिन्यावर आलेलं.

मग मी चारही गाद्यांचे टाके उसवले, रुई गच्चीवर पसरली आणि तीन दिवस तिच्याजवळ बसून राहिलो. तासातासानं उलटायची, गाठी सोडवायच्या. रक्षा तेही टिपत होती. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून म्हटलं हात तेवढे दिसू दे. एकदाच बोललो. चिमूटभर रुई ओढून तिचा लांब तंतू काढला आणि म्हणालो, "भिजली, पण मेली नाई पाहा. याले कापूस म्हंतेत." बस, एवढंच. त्यावर लोक हसले नाहीत. लिहू लागले की आमच्या आजीच्या गादीत काय आहे हे आम्ही कधी पाहिलंच नाही, तुम्ही उघडून पिंजून द्याल का? त्या आठवड्यात देवळी, सेलू, हिंगणघाटहून बावीस जुन्या गाद्या आल्या. एक बाई तर सासूची गादी घेऊन एसटीनं आली, कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट काढलं म्हणे. (गादीचं.)

काल धीरज सुट्टी काढून दुकानात आला. एक गादी पाठीवर घेऊन माळ्यावर चढवली, उतरला, कपडे झटकले आणि म्हणाला, "कव्हरवाल्याले नाई म्हटलं म्या." मी त्याला पाणी दिलं.

उज्वलाच्या गाद्या दोनदा पिंजून, नव्या खोळीत भरून शुक्रवारच्या टेम्पोनं पाठवतो. आधीपेक्षा चार बोटं जास्तच फुगल्या आहेत. भाऊजींना नमस्कार, उज्वलाला आशीर्वाद.

तुझा,
प्रभाकर

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. फॉलोअर अकरा हजार सहाशे चाळीसवर चार दिवसांपासून अडले आहेत. लग्नात सातशे माणसं येतील आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असेल. मंगलाष्टकांआधी माईकवाला सरपंचापासून सगळ्यांची नावं घेतोच. त्यातच त्यानं दोन मिनिटं आपल्या दुकानाचं सांगून मंडळींना तिथल्या तिथे बटण दाबायला लावावं. अक्षता हातात पडायच्या आत, कारण मग हात मोकळे राहत नाहीत. मजकूर मी लिहिला आहे, दीड पान, सोबत जोडतो.

ता. क. दुसरं, मंदाच्या हातचं : वन्सं, पत्र पाकिटात घालताना वाचलं. माईकचं यांचं अजिबात मनावर घेऊ नका. पोरीच्या लग्नात असं बरं दिसते काय? ते दीड पान मी काढून घेतलं आहे. मांडवात यांना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवा, नाही तर वऱ्हाड्यांचे फोन हातात घेऊन स्वतःच दाबत फिरतील. फक्त एक विचारायचं होतं. पत्रिका अजून छापायला गेल्या नसतील, तर खाली "आपले स्नेहांकित"च्या शेजारी दुकानाचं नाव बारीक अक्षरात बसते काय, तेवढं पाहजा. आणि मी सांगितलं म्हणून यांना कळू देऊ नका.