भाड्याच्या घराचा बांध

५ जाने., रविवार

मागच्या दारात चहा घेऊन बसले होते, तर शेतावरून जहाज गेलं. खरंच. भात कापून रिकामी झालेली शेतं, त्यांच्या शेवटी मातीचा लांब बांध, आणि त्या बांधाच्या वरून एक लोखंडी बार्ज हळूहळू सरकत चाललेला. नवऱ्याला, महेशला, हाक मारली तोवर बार्ज झाडांआड गेला. म. म्हणाला, पलीकडे धरमतरची खाडी आहे, भरतीला बार्ज जातात, त्यात काय एवढं.

त्यात काय! खाडी माझ्या डोक्याच्या वर आहे. म्हणजे मी पाण्याखाली बसून चहा पितेय. डोंबिवलीत सहाव्या मजल्यावरून नऊ वर्षं समोरच्यांचं वाळत घातलेलं धुणं पाहिलं. इथे महिनाभर झाला आणि रोज काहीतरी असं, की चहा गार होतो.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ मी दिला, बदल्यात पोपटी मिळाली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं करून वर पेंढ्याचा जाळ. मालकीणबाईंनी, हिराआयनी, शेंग सोलून हातावर ठेवली. म.ने नंतर विचारलं, काय कसं? काही बोलताच येईना. तोंड भरलेलं होतं हेही कारण.

हिराआय सत्तरीच्या पुढची. घराच्या मागच्या एका खोलीत राहते, पुढचं सगळं आमच्याकडे. मला 'मॅडम' म्हणते. सांगून पाहिलं, म्हणू नका. "बरा मॅडम" म्हणाली.

१६ फेब्रु., रवि.

आज हिराआयने परसातल्या तळ्यात जाळं टाकून जिताडा काढला. हातभर मासा. अर्धा रस्सा, अर्धा तळून, आणि आम्हाला जेवायला बोलावलं. म. शाकाहारी घरातला, पण रोह्याच्या कंपनीत लागल्यापासून सुधारलाय. त्याने तर पानात काटेसुद्धा मोजके ठेवले. मी विचारलं, तुम्ही रोज खाता? हिराआय हसली. "जिताडा पावन्यासाठी असतो मॅडम. घरच्यांना कशाला?"

घर आवडायला लागलंय. ही भानगड नको होती. करार अकराच महिन्यांचा, ऑक्टो.अखेर संपतो. तिचा मुलगा दत्ता कामोठ्याला असतो. चावी देतानाच त्याने सांगितलं होतं, पुढचं धरून चालू नका, दिवाळीनंतर विकायचा विचार आहे. तेव्हा मीच तोऱ्यात म्हटलं होतं, आम्हाला तरी इथे कुठे जन्म काढायचाय.

२ एप्रिल

पेणला बाजार. पोहे, पापड, पडदा लावायचा रॉड. येताना रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, तर म्हणाला, "हिराआयचं घर ना, तळ्यावालं." आमचं नाव पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण.

एका अंगाला 'ग्रीन व्ह्यू'चे चार मजले उभे राहतायत, दुसऱ्या अंगाला मिठाची पांढरी जमीन. मध्ये आम्ही. संध्याकाळी बगळे आमच्या छपरावरून खाडीकडे जातात, इतके, की मोजायची सवय असलेली मी, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी, मोजायचं विसरते. उभी राहते नुसती.

११ मे, रवि.

आज फजिती. सकाळी नामादादा आले. गावातले वयस्कर, बांधाचं काम तेच बघतात. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, मग म्हणाले, "उद्या बांधाला माती लावायची हाय. तुमच्या घरचा कोन येनार?" मला वाटलं, वर्गणी. गणपतीची, जत्रेची असते तशी. म.ने पाकीट काढलं. मी आतून दोन नोटा आणखी आणल्या, म्हटलं, कमी नको दिसायला.

नामादादा नोटांकडे बघत राहिले. रागावले नाहीत. "ऱ्हाऊं द्या," म्हणाले आणि उठले.

१२ मे

खिडकीतून पाहिलं. हिराआय डोक्यावर घमेलं घेऊन, गुडघा धरत धरत, बांधाकडे चाललेली. सूर्य नीट वरही आला नव्हता. दुपारी परतली ती गळ्यापर्यंत चिखलात.

मग सगळं विचारून घेतलं. पावसाळ्याआधी बांध पक्का करायचा. प्रत्येक घरातून एक माणूस. पैसे चालत नाहीत, मजूर लावलेला चालत नाही, घरचंच माणूस लागतं. सरकार करतं कधी, कधी नाही. खाडी थांबत नाही. दत्ता शहरात गेल्यापासून या घरातून हीच जाते.

मी म्हटलं, आम्हाला नीट सांगायचं ना! ती म्हणाली, "तुमी भाड्याचे गो. तुमाला कसं सांगू?" पहिल्यांदा मला 'मॅडम' म्हणाली नाही. त्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही.

२० जुलै

पाऊस पाऊस. नेट नाही, काम ठप्प. भात लावून झालं. बांधाच्या आत हिरवं, बाहेर खाडी मातकट. दोन्हीत फक्त ती मातीची रेघ. हिराआय सांगत होती, एकदा खारं पाणी शिरलं की ते शेत दोन-तीन पावसाळे धुऊन निघाल्याशिवाय पिकत नाही. तिचंही भाताचं एक खाचर आहे, बांधाला लागूनच.

आता भरतीच्या वेळी माझीच नजर बांधावर जाते. म. चिडवतो, बांध काय तुझ्या माहेरचा?

१४ सप्टें., रवि.

दत्ता आला, बरोबर दोन माणसं आणि मोजायची टेप. पितृपक्षात घर बघायला येणारी ही पहिलीच माणसं पाहिली. तळं मोजलं, आंब्यापासून रस्ता मोजला. एकाने विचारलं, तळं बुजवता येईल ना? दत्ता हो म्हणाला.

हिराआय तिच्या खोलीतून बाहेरच आली नाही. मी चहा केला. भाडोत्र्याच्या हातचा चहा पिऊन घराचा सौदा, हेही बघायचं होतं.

रात्री जेवताना म.ला स्पष्टच सांगितलं, मला इथून जायचं नाही. म्हणाला, माहितीये. पण घर आपलं नाही.

८ ऑक्टो., बुध.

हात दुखतायत. अक्षर बघून घ्यावं. पण आजचं आजच लिहायचं.

पुनवेचं उधाण. दुपारी भरती टोकाला असताना ओरडा झाला, "खांड गेली, खांड गेली!" बांध फुटला होता. खेकड्यांनी पोखरला होता म्हणे आतून. मागच्या दारातून दिसत होतं: हिरव्या-पिवळ्या भातात एक चकाकती जीभ शिरत होती. आवाज नाही काही. मी इतकी घाबरले कधी नव्हते.

म. शिफ्टला, रोह्यात. हिराआय घमेलं घेऊन निघालेली. गुडघा सुजून भोपळा. मी घमेलं तिच्या हातातून घेतलं. ती सोडेना. "तुला जमंल गो?" म्हटलं, बघू. सोडलं.

ओहोटी लागली की पुढची भरती येईपर्यंत भोक बुजवायचं, नाहीतर रात्रीचं पाणी सगळं गिळणार. सगळं गाव तिथं. पुरुष भोकात छातीभर पाण्यात, लाकडाचे खुंट ठोकतायत, पेंढ्याचे भारे दाबतायत. बायका रांगेत. खालून चिखलाची मोठी ढेकळं कापून हातोहात वर. ग्रामसेवक, शाळेच्या बाई, 'ग्रीन व्ह्यू'चा वॉचमनसुद्धा.

रांगेत शिरले तर शेजारची म्हणाली, "ही त भाडोत्री." कुत्सित नव्हतं, नुसतं सांगितलं. नामादादा बांधावरून घराघराची नावं घेत येत होते, कोण आलं, कोण नाही. माझ्यापाशी थांबले. शेजारणीला विचारलं, "हिराआयच्या घरात चूल कोनाची पेटते?"

"हिची."

"मंग झालं." आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.

(गॅस आहे, चूल कुठली. पण हे तिथं बोलायचं नसतं एवढी अक्कल आली होती.)

त्यानंतर काही आठवत नाही. ढेकूळ आलं, दिलं. आलं, दिलं. पाय पोटरीपर्यंत रुतलेले. चप्पल गेली ती गेलीच. कोणीतरी मधेच माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला, कोण ते पाहिलंही नाही. गाव करी ते राव न करी, हे शाळेत फळ्यावर लिहिलेलं शंभरदा वाचलंय. आज त्याचं वजन हातात घेतलं, एकेक ढेकूळ.

अंधार पडायच्या आत भोक बुजलं. मी बांधावर चढून बघितलं. एका बाजूला ओली, नवी, बोटांचे ठसे उमटलेली माती आणि खाली भात. दुसऱ्या बाजूला लांबवर चिखल आणि त्यातून परत चढू लागलेली खाडी, केवढी! आणि मध्ये आम्ही हातांनी लावलेली माती. समुद्राला हाताने अडवतात ही माणसं. दर वर्षी. आणि घरी जाऊन भाकऱ्या भाजतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, चिखलाच्या हातांनी पुसता येईना.

हिराआयने माझे पाय धुतले. नको नको म्हणताना. मग जेवायला वाढलं: तांदळाची भाकरी, जवळ्याचं कालवण, कांदा. मला, खरं सांगायचं तर, जरा लागलं. एवढं केलं तर जिताडा नाही, जवळा.

भाकरी अर्धी झाल्यावर लक्षात आलं. मग दोन जास्त खाल्ल्या.

९ ऑक्टो.

बांध टिकला. म. रात्री आल्यापासून तिकडेच बघतोय. हिराआयचं बांधाजवळचं खाचर गेलं, बाकी शेतं वाचली. ती म्हणाली, एकाचं गेलं, गावाचं ऱ्हायलं. मग पायरीवर बसली. मीही बसले तिच्याशेजारी.

२६ ऑक्टो., रवि.

दत्ता दिवाळीचा म्हणून आला, मुलाबाळांसह. हिराआयने तळ्यात जाळं टाकलं. मोठा जिताडा निघाला. मला मदतीला बोलावलं, मसाला मी वाटला.

दत्ता ओट्यावर बसला होता. दाराशी घमेलं पाहून त्याने विचारलं, आई, तू गेली होतीस बांधाला? हिराआय मासा साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "नाय. घरचं मानूस गेल्तं."

दत्ता माझ्याकडे बघत राहिला. मी खोबरं वाटत राहिले.

पानात जिताडा वाढला तेव्हा त्याने आईकडे पाहिलं. याच घरात वाढलेला मुलगा, जिताडा कोणाला वाढतात हे मी त्याला सांगायला नको. जेवला, पण नीट नाही. त्याची दया आली. निघताना मला म्हणाला, गिऱ्हाईक तयार आहे, कागदावर आईची सही तेवढी बाकी. तुम्ही दुसरीकडे बघून ठेवा मॅडम. मी विचारलं, आई काय म्हणते? तो म्हणाला, ती नुसतं 'बगू' म्हणते.

३० ऑक्टो., गुरु.

करार उद्या संपतो. दत्ताचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. म.ने पेणमधल्या एका फ्लॅटचे फोटो दाखवले, दुसरा मजला, लिफ्ट, खिडकीतून हायवे. चांगला आहे. मी फोटो पुढे सरकवले.

हिराआयला सहीचं विचारलं. ती पायरीवर बसून वाल निवडत होती. म्हणाली, "लेक माझाच हाय गो. त्याला नाय म्हनायला जीभ उचलत नाय. आनि हो म्हनायला हात."

संध्याकाळी नामादादा आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, नवी माती अजून ओली आहे, पुढच्या पुनवेचं उधाण मोठं आहे, भरतीच्या वेळेला बांधावर पहारा ठेवायचा, एकेका घराने एकेक दिवस. "तुमच्या घराचा पाच तारखेला. दुपारची भरती. ध्यान ठेवा."

पाच नोव्हेंबर. म.ने माझ्याकडे पाहिलं. करार तर उद्याच संपतो, हे त्याच्या ओठांवर आलेलं दिसलं. मागच्या खोलीत हिराआयचं वाल पाखडणारं सूप थांबलं होतं.

मी म्हटलं, येईन.

नामादादा गेले. सूप परत सुरू झालं. घमेलं धुऊन दाराशीच ठेवलंय.