लोधिवली फाट्यावरची भिंत

३ फेब्रुवारी
सरपंचबाई हो म्हणाल्या! लोधिवली फाट्याच्या एसटी शेडची भिंत माझी. अट एकच — "देव काढ गं. देव असला की कोन थुंकत नाय."
मी म्हटलं, देव नाही, माणसं काढणार. रोज सकाळी इथे गाडीची वाट बघत उभी असतात, तीच. माणसांवरही थुंकू नये.
"बघू," म्हणाल्या.
बघूच!

५ फेब्रुवारी
सहा ते आठ फाट्यावर. वहीत अकरा माणसं झाली. आबाजी वॉचमन — कंपनीची बस येईपर्यंत डबा छातीशी धरून ठेवतात, कुणी हिसकावून नेईल असा. ऋतिक — हेल्मेट कोपरात अडकवून दोस्ताच्या गाडीची वाट बघतो. आणि ठाकरवाडीची सुरेखा. रिसॉर्टात चादरी धुते, टेंपो सातला येतो. चप्पल काढून दगडावर आपटते, पुन्हा घालते, आणि मधेच स्वतःशी हसते. काय हसते ती!
तिला वही दाखवली. "मी अशी दिसते?" म्हणाली. नको म्हणाली नाही.

६ फेब्रुवारी
बाबा — "ए.टी.डी. काय भिंती रंगवायला केलीस?"
शाळांना चित्रकलेची बाई नकोय. म्हणून दिवसभर चौक गावातल्या फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांच्या गालांवरचे खड्डे बुजवते. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही!

१० फेब्रुवारी
अर्धी भिंत झाली. माणसं खऱ्या उंचीची. उजवीकडे मोकळं मोकळं वाटत होतं, म्हणून ऋतिकला सरकवून सुरेखाच्या शेजारी आणला. वहीत तो पार दुसऱ्या टोकाला होता. पण आता जागा भरली. छान दिसतंय.

१३ फेब्रुवारी
पूर्ण! आबाजी स्वतःच्या चित्रासमोर बराच वेळ उभे. "पोट जरा जास्त काढलंस." मी म्हटलं, आहे तेवढंच काढलंय. हसले, आणि बस चुकली त्यांची.

१४ फेब्रुवारी
विकासभाऊ दुकानात. आमचे गल्लीतले पुढारी. वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिजे, बारा बाय आठ. कुठे लावणार? — "शेडमध्ये. उजवी बाजू हायवेवरून दिसते."
मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी करणार नाही.
"तू कोण गं?"
जिने ती भिंत रंगवली, ती.
मालक म्हणाले, दोन दिवस घरी बस. बसले!

१६ फेब्रुवारी
उजव्या बाजूला चुना फासलाय. सुरेखा नाही, ऋतिक नाही. चुना ओलाच होता.
तशीच विकासभाऊच्या ऑफिसात गेले. आठ-दहा माणसं चहा पीत बसलेली. सगळ्यांसमोर म्हटलं — माणसं पुसून टाकता, मग मतं कुणाकडे मागणार? तो ताडकन उठला. "मी हात नाय लावला. आईशप्पथ!"
खोटारडा.
आई घाबरलीय. "आपल्याला इथंच राहायचंय गं."
म्हणूनच!

१८ फेब्रुवारी
पुन्हा काढली. दिवसभर चुना खरवडला, बोटं सोलली. आबाजींनी सुट्टी टाकून बादली धरली. सुरेखाचं हसू आधीपेक्षा मोठं केलं. पुसा आता!
ती स्वतः मात्र चार दिवस फाट्यावर दिसली नाही.

२० फेब्रुवारी
आज चोर पकडायचाच म्हणून पहाटे साडेपाचलाच शेडमागे जाऊन बसले. थोड्या वेळाने कुणीतरी आलं — एका हातात डबा, दुसऱ्यात कुंचा. ओरडले, "ए! थांब!"
वळली ती सुरेखा. डावा डोळा सुजून मिटलेला.
"मीच पुसलं गं. पयल्यांदा पन मीच."
तिच्या नवऱ्याने, नवनाथने, भिंत पाहिली होती. कोन हाय तो? त्याच्याकडं बघून हसतीस? आख्ख्या हायवेला दाखवतीस? — आणि मारलं. परवा मी पुन्हा काढली, तर पुन्हा मारलं.
माझ्या तोंडून निघालं, "पण ऋतिक तुझ्या शेजारी नव्हताच! मी आणला त्याला."
"तेच तर," म्हणाली. "तू आनलास."
पोलिसांत जाऊ या म्हटलं. नको. मी घरी येऊन नवनाथला सांगते. नको, नको. "माजं मी बघीन. तू पुस आधी."
कुंचा तिच्या हातातून घेतला. मीच पुसलं.

२१ फेब्रुवारी
विकासभाऊची माफी मागितली. त्याच ऑफिसात, त्याच माणसांसमोर. चूक माझी होती तर तोंडही मीच दाखवणार. तो खूश. "मग आता फ्लेक्स?"
नाही. माफी वेगळी, भिंत वेगळी.

२२ फेब्रुवारी
आबाजींपासून सुरुवात केली. वही घेऊन एकेकाला विचारलं — तुम्हाला भिंतीवर ठेवू का? शेजारी कोण चालेल? दोन पोरी नको म्हणाल्या. पुसल्या. ऋतिक त्याच्या टोकाला गेला. आधी विचारायला काय झालं होतं मला?
उजवीकडची जागा पांढरी. सरपंचबाई म्हणतात, आता तिथे तरी देव काढ.
नाही.

२३ फेब्रुवारी
सुरेखा आली नाही.

२६ फेब्रुवारी
सुरेखा दिसली! पण रस्त्याच्या पलीकडे, चौककडच्या गाड्या थांबतात तिथे. खांद्याला भली मोठी बॅग. धावत ओलांडून गेले. "भावाकडं चालले, कळंबला. परत नाय येनार." गाडी आली. पायरीवर चढून वळली. "आता काढ मला. हसतीच काढ. आजूबाजूला कोन नको."
मी म्हटलं, नक्की?
"या टायमाला मी सांगतेय ना!"