अक्षतेच्या दिवशी आलेला वकील

१४ जानेवारी, बुधवार
सिद्धेश्वराच्या यात्रेतली अक्षता. आज विकायच्या भाकरींचा तवा बंद. हे आणि थोरले भावजी पांढरी बाराबंदी घालून सकाळीच नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलायला गेले, मागून मी. घराला कुलूप. अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावर ही गर्दी! एक चप्पल गेली. अक्षता टाकल्या, सिद्धेश्वराला एवढंच मागितलं की घराचं कर्ज नव्या बँकेत नीट जाऊ दे. पतसंस्थेच्या व्याजानं जीव खाल्लाय.
जेवताना भावजी सगळ्यांसमोर, "कर्ज काय जुनं लुगडं हाय व्हय, ह्या बोहारणीनं भांडं दिलं नाही म्हणून त्या बोहारणीकडं?" सगळे हसले. हेसुद्धा. लक्षात ठेवते.

३ फेब्रुवारी, मंगळवार
झालं!! खरेदीखत नव्या बँकेत पोचलं. हप्ता अकराशेनं कमी. शेंगापोळ्या केल्या.
संध्याकाळी मेसेज. खात्यातून १६,५०० वजा, 'लीगल चार्जेस'. हे काय आता? "सगळं धरून साडेपाच हजार" म्हणाले होते बँकवाले, ते कधीच घेऊन झाले. ह्यांना सांगितलं नाही.

४ फेब्रु.
बँकेत. मॅनेजर नवीन आहेत, नागपूरचे. "मॅडम, फॉर्मवर सही आहे तुमची." आहे. वीस ठिकाणी केलीय. "पण आकडा कुठं होता साहेब?" तर कॉम्प्युटरकडे बघत बसले. बिल दाखवा म्हटलं. बँकेच्या पुण्यातल्या वकिलांकडून मागवावं लागेल म्हणे. मागवा.
ह्यांना सांगावंच लागलं. "जाऊ दे की. बँकेशी भांडून कोण जिंकलंय?"
पैसा गेला त्याहून हे जास्त टोचतंय. कर्ज हलवायचं मी ठरवलं, हट्टानं. आता जन्मभर ऐकायचं, हिच्या नादानं झालं. भावजींना कळलं तर वर्षभर पुरेल.

९ फेब्रु., सोमवार
तिसरा हेलपाटा. बिल मिळालं. शिवशरण म्हणून क्लार्क आहे, त्यानं छापून दिलं. घरी तव्याजवळ बसून वाचलं. भाकरी जळली.
सर्च रिपोर्ट, म्हणजे घराचे जुने दस्त तपासल्याचा, ४,०००. ठीक, ते काम तरी झालं असेल. खालची ओळ इथं उतरवून ठेवते:
'दि. १४ जाने., स. ११ वा., सोलापूर नोंदणी कार्यालयात प्रत्यक्ष तपासणी, मिळकतीची पाहणी, मालकिणीशी चर्चा, पुणे-सोलापूर प्रवास. १२,५००.'
मालकीण म्हणजे मी! चर्चा! अक्षतेला! अहो, ऑफिसला कलेक्टरांनी दिलेली सुट्टी, माझ्या दाराला कुलूप, आणि मी एका चपलेवर उभी. हे बिल पुण्यात बसून केलंय. सोलापूरचा माणूस खोटं लिहायला बसला तरी ही तारीख लिहिणार नाही.
लई दिवसांनी अशी हसले. एकटीच.

१० फेब्रु.
ही वही घेऊनच गेले. मॅनेजर, "चौदाला काय होतं?" मागून शिवशरणला ठसका. "साहेब, अक्षता होती की. मी स्वतः बाराबंदीत होतो. ऑफिसं बंद."
टायपिंगची चूक असेल म्हणे साहेब. "असू दे. मग खरी तारीख सांगा, आणि त्या दिवशीची नोंदणी ऑफिसची पावती दाखवा."
वहीतलं चौदाचं पान वाचून दाखवलं, बोहारणीचं सोडून. चपलेपाशी शिवशरण खुदकन हसला. पैसे परत मागायचा अर्ज दिला. कॉपीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही.

१७ फेब्रु.
वकिलाचा फोन, पुण्याहून. आवाज गुळासारखा. "ताई, आपण जरा समजून घ्या..."
"समजून घेते की. आमच्या दाराचा रंग कोणता, तेवढं सांगा. बघून गेलात ना?"
"रेंज नाहीये" आणि कट.
हे शेजारीच होते. "अगं, तूच वकील व्हायला पाहिजे होतीस." एकवीस वर्षांत पहिल्यांदा असं काही म्हणाले. आज तिखट जरा जास्त पडलं भाजीत, तरी मुकाट खाल्ली.

२३ फेब्रु., सोमवार
जमा!!! १२,५००! अशी ओरडले की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. बँकेचं पत्रही आहे, 'अनवधानाने'. म्हणे अनवधानाने! ४,००० अजून अडकलेत. सगळं धरून म्हणजे सगळं धरून. दुसरा अर्ज उद्या.
ह्यांनी आपणहून भावजींना फोन लावला, स्पीकरवर. "दादा, आमच्या हिनं बँकेकडून पैसे काढले बघ परत." मी ऐकतेय हे त्यांना माहीत होतं. भावजी नुसते "बरं" म्हणाले. एवढंच? मीच खट्टू झाले जरा.

२४ फेब्रु.
'बरं'चा अर्थ आज कळला.
सकाळी सातलाच भावजी दारात. हातात कॅरीबॅग, नजर खाली. "जरा बघतीस का?"
त्याच बँकेचं बिल! भावजींनी फ्लॅटचं कर्ज गुपचूप तिकडंच हलवलंय, तेही माझ्या आधी आठ दिवस. म्हणजे मला बोहारीण ऐकवली तेव्हा भावजींचे स्वतःचे कागद बँकेत होते!
आणि तीच ओळ. १४ जाने., स. ११ वा., मालकांशी चर्चा. प्रवासखर्च परत वेगळा.
"भावजी, अकराला तुम्ही नंदीध्वज पेलत होता की."
"व्हय की," एवढंच म्हणाले.
बोहारणीचं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. चहा टाकला.
माझा अर्जही आज थांबवला, उद्या दहाला एकत्रच बँक. त्यांनी बाराबंदीतला फोटो आणायचा, मी ही वही. दोन्ही अर्ज, माझा चार हजारांचा आणि त्यांचा, मी लिहिणार. त्यांच्या अर्जावर सही ते करणार, आकडा वाचून.