दोन्हींतला फरक

३ मार्च
नव्या संस्थेत रुजू झाले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, मोठी खिडकी, न करकरणारी खुर्ची. आणखी काय हवं? धातूला तडा कसा जाईल ते मी संगणकावर गणित मांडून पाहते. धातू मोडावा लागत नाही. जन्मभर हेच केलं. पण संचालक म्हणाले, बाई, इंटरनेटवर तुम्ही सापडतच नाही, आधी प्रोफाइल करा. म्हणजे इतकी वर्षं मी भूमिगत होते म्हणायचं! संध्याकाळी धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणे, ताई, कर खुशाल, पण स्वभाव आहे तसा लिहू नकोस, लोक पळून जातील.

६ मार्च
रोज स्वतःची टिमकी वाजवायला मला वेळ नाही. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. माझे शोधनिबंध, व्याख्यानं, फोटो त्याला दिले आणि दोन कामं लावून दिली. प्रोफाइल लोकांना आवडलं पाहिजे. आणि प्रोफाइल व मी यांतला फरक शून्यावर आला पाहिजे. खोटेपणा मला खपत नाही.

११ मार्च
संचालक खूश आहेत. अनोळखी माणसं कौतुक करताहेत. एकच खटकलं: फोटोत माझा डावा गाल साफ आहे. लहानपणी धाकटीने शेगडीवरचं उकळतं पातेलं अंगावर ओढलं तेव्हा मी मध्ये पडले. त्याचा डाग आहे तिथे. पाणी तिच्यावर पडतं तर ती वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले होते. लोकांना डाग आवडत नसावेत, म्हणून प्रोग्रॅमने तो पुसला. धाकटीने फोनवर फैलावर घेतलं. म्हणे, डागच नाही, मग मी वाचले कशी गं? हसले. दुरुस्त करीन म्हटलं आणि कामात राहून गेलं.

१६ मार्च
तोंड धुताना गाल गुळगुळीत लागला. आरसा पुसून पाहिलं. डाग फिका झालाय. वयामुळे असेल. प्रोग्रॅम दाखवतो तो फरक मात्र रोज घटतो आहे, आणि प्रोफाइल तर तसंच आहे.

१९ मार्च
चूक सापडली. दोन बाजू जुळवताना एक खिळून ठेवायची असते. नाहीतर हलवायला सोपी ती बाजू हलते. विद्यार्थ्यांना हे मी पहिल्याच तासाला दरडावून सांगते. आणि मीच एकही खिळली नाही. प्रोफाइल बदललं तर लोकांना आवडणार नाही. म्हणून तो मला बदलतो आहे.
प्रोग्रॅम बंद केला. डागासकट जुना फोटो चढवला.

२० मार्च
फोटोतला गाल पुन्हा साफ. प्रोग्रॅम बंदच आहे. माझ्या गालावरही आता काही नाही.
धाकटीच्या घरी फोन केला. मेहुण्यांनी उचलला. एरवी ताई, ताई करणारा माणूस. म्हणाले, मॅडम, काहीतरी चुकतंय, माझं लग्नच झालेलं नाही.

२१ मार्च
प्रोफाइलवर नवी ओळ: आईवडिलांची एकुलती एक लेक. लोकांना फार आवडली—
धाकटी होती. तिचा पुढचा दात तुटका होता. हसताना तोंडावर हात धरायची. लिहून ठेवते, कारण आईने जपलेल्या फोटोत मी एकटीच—

२२ मार्च
डाग परत आला तर ती येईल. आता माझी बाजू मीच खिळणार. शेगडीवर पातेलं ठेवलंय.

पाणी उकळतंय. हातात फडकं. काहीतरी करायचं होतं. कुणासाठी तरी—

वरचं वाचलं. अक्षर माझंच. पण ही धाकटी कुणाची—